आठव्या महिन्याचे मूल

सातव्या महिन्यात जन्मलेले मूल जगते, आठव्यातले जगत नाही, हे वाक्य ज्याने घरातील वडीलधाऱ्या बायकांच्या तोंडून कधीच ऐकले नाही असा मराठी वाचक आम्हांस विरळाच भेटेल. कर्जतेच्या बाजारपेठेतील जुन्या माडीवर ते आम्ही ऐकले आहे आणि डोंगराच्या कुशीतील ठाकूरवाडीतही ऐकले आहे. फरक एवढाच की, माडीवर ते शास्त्रवचन म्हणून सांगतात आणि वाडीत सटवाईची करणी म्हणून. वाक्य ऐकताच बुद्धी अडखळते. आंबा झाडावर जितका अधिक राहील तितका अधिक भरतो. मग आईच्या पोटात महिनाभर अधिक राहिलेल्या मुलाचीच आशा कमी का असावी? गणिताला न पटणारी ही समजूत दोन हजार वर्षे टिकली, आणि तीही एकाच देशात नव्हे. तिच्या मागे काय आहे हे शोधू लागलो तेव्हा आम्ही पुराणवस्तूंच्या दालनात शिरलो आहो असे वाटले होते. बाहेर पडलो ते कर्जत-खालापुरातील आजच्या बाळंतिणीच्या खोलीत.

चरकसंहितेच्या शारीरस्थानात ह्या समजुतीची उपपत्ती दिलेली आहे. आठव्या महिन्यात ओज स्थिर नसते. ते मातेकडून गर्भाकडे आणि गर्भाकडून मातेकडे ये-जा करीत राहते, त्यामुळे गर्भिणी घटकेत प्रसन्न तर घटकेत म्लान दिसते. अशा वेळी जन्म झाला तर तो संकटाचा. म्हणून जाणते लोक आठवा महिना गणतीतच धरीत नाहीत, असे चरकाचे म्हणणे. सुश्रुताचा निकाल अधिक कठोर आहे. त्या महिन्यात जन्मलेले मूल ओजोहीन असल्यामुळे, व नैर्ऋताचा म्हणजे राक्षसगणाचा त्यावर भाग असल्यामुळे, जगत नाही, असे सांगून तो बळी देण्याचाही विधी सांगतो. शवविच्छेदनाचा पुरस्कार करणारा हा शल्यतंत्राचा आचार्य येथे एकदम भूतविद्येकडे वळतो, ह्याचे नवल वाटते. पण ज्या रोगापुढे हात टेकावे लागतात तेथे आजही विद्वानांची भाषा फार वेगळी नसते.

ग्रीक लोकांचेही मत हेच होते. हिपोक्रेटीसच्या नावावर चालत आलेल्या ग्रंथसमूहात आठ महिन्यांच्या गर्भावर स्वतंत्र लेखन आहे. आरिस्टॉटलला मात्र शंका होती असे दिसते. इजिप्तमध्ये आठव्या महिन्याची मुले जगतात व वाढतात, ग्रीसमध्ये बहुधा मरतात, अशी नोंद करून तो पुढे म्हणतो की, ग्रीसमध्ये असे एखादे मूल जगलेच तर ते आठ महिन्यांचे नव्हतेच, आईचा हिशेब चुकला, असे लोक ठरवून टाकतात. सिद्धान्ताला खोटे पाडणारा पुरावा कसा नाहीसा केला जातो ह्याचे याहून नेटके वर्णन आमच्या पाहण्यात नाही. यहुद्यांच्या जुन्या धर्मशास्त्रात तर आठव्या महिन्याचे मूल दगडासारखे मानले होते. शब्बाथच्या दिवशी दगड उचलू नये तसे तेही उचलू नये. परंतु त्याच शास्त्रकारांनी पुढे एक पुस्ती जोडली: आईने त्याच्यावर वाकून त्याला पाजण्यास हरकत नाही. ज्या मुलाला दगड म्हटले त्याच्याकडे आई वाकतेच, हे त्या शास्त्रकारांनी पाहिले असले पाहिजे.

आता ह्या समजुतीत कितपत तथ्य आहे? शब्दशः घेतली तर मुळीच नाही. प्रत्येक अधिक आठवड्यागणिक मुलाची जगण्याची शक्यता वाढतच जाते. आठव्यात ती खाली येते असे कोठेही आढळलेले नाही. सातव्या महिन्याच्या मुलांची जी कीर्ती आहे तिचे कारण वेगळे असावे. जे मेले त्यांची कथा कोणी सांगत नाही. जे जगले ते पुढे 'सातमाशी' म्हणून साऱ्या गावाला ठाऊक होते. शिवाय लग्नानंतर सातव्या महिन्यात झालेली काही गुटगुटीत बालके ह्या कीर्तीत भर घालून गेली असतील. त्याविषयी अधिक लिहिण्याचे कारण नाही.

तथापि आमचा एक तर्क आहे व तो तर्क म्हणूनच वाचकांपुढे ठेवतो. सातव्या महिन्याचे मूल दिसायलाच इवलेसे असते. त्याला पाहताच घरातील साऱ्या बायका सावध होतात. कापसात गुंडाळतात, शेगडीजवळ घेऊन बसतात, थेंबथेंब दूध पाजतात. आठवा संपत आला असता किंवा नववा नुकता लागला असता जन्मलेले मूल मात्र पुरे दिसते. नखे आलेली, गाल भरू लागलेले, रडणे ऐकू येण्यासारखे. त्याला पुरे समजून न्हाऊ घालतात, पाहुण्यांच्या हाती देतात, पाळण्यात एकटे निजवतात. मग चौथ्या-पाचव्या दिवशी ते कोमेजले म्हणजे कोणास कारण कळत नाही, आणि ज्याचे कारण कळत नाही ते नैर्ऋताच्या किंवा सटवाईच्या खात्यावर जमा होते. ह्या मुलाचा घात त्याच्या अशक्ततेने जितका केला तितकाच त्याच्या पुरे दिसण्याने केला, असे आम्हांस वाटते. आणि आश्चर्य असे की, विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत मोठमोठ्या रुग्णालयांतील डॉक्टरांचीही हीच फसगत होत होती.

प्रथम दिवसांच्या मोजणीचे पाहू. आपल्याकडे 'नऊ महिने नऊ दिवस' म्हणतात. हायडलबर्गचा प्राध्यापक नेगेल ह्याने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जो नियम रूढ केला तो शेवटच्या ऋतूच्या पहिल्या दिवसापासून नऊ महिने सात दिवस, म्हणजे सुमारे २८० दिवस किंवा ४० आठवडे, असा आहे. म्हातारीच्या आणि प्राध्यापकाच्या हिशेबात दोनच दिवसांचे अंतर पडावे ही गंमतीची गोष्ट खरी. पण महिने चांद्र धरले तर तेच नऊ महिने नऊ दिवस २७५ होतात, आणि मोजणी कोणत्या दिवसापासून धरायची हे घरोघरी निराळे. आज वैद्यक ३७ आठवडे पुरे होण्यापूर्वी झालेल्या जन्मास अपुऱ्या दिवसांचा जन्म म्हणते. आणि त्यातील ३४ आठवडे पुरे झाल्यापासून ३७ पुरे होईपर्यंतच्या, म्हणजे २३८ ते २५८ दिवसांच्या, मुलांचा निराळा वर्ग करते. आमचे आठव्या महिन्याचे मूल बहुधा ह्याच वर्गातले. अपुऱ्या दिवसांच्या एकंदर मुलांपैकी शेकडा सत्तराहून अधिक ह्याच वर्गात पडतात, हे लक्षात घेतले म्हणजे प्रश्न केवढा आहे ते कळेल. २०२० साली भारतात सुमारे ३० लक्ष मुले, म्हणजे शंभरातील १३, अपुऱ्या दिवसांची जन्मली असा जागतिक आरोग्य संघटनेचा व तिच्या सहकाऱ्यांचा अंदाज आहे.

दिवस मोजणे कठीण, म्हणून वैद्यकाने तराजू हाती घेतला. फिनलंडचा बालवैद्य आर्वो युल्प्यो ह्याने विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत २५०० ग्रॅमची सीमा सुचवली आणि ती जगभर चालली. १९६१ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी वजन व दिवस ह्यांची फारकत केली. हलके ते अल्पवजनी, आणि ३७ आठवड्यांच्या आतले ते अपुऱ्या दिवसांचे. आमच्याकडे ही फारकत किती महत्त्वाची आहे ते पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक ह्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत केलेल्या पाहणीवरून कळते. तेथील पूर्ण दिवसांच्या मुलांचे सरासरी वजन २.७ किलो भरले; इंग्लंडात साउदॅम्टन येथे तेच ३.५ किलो होते. म्हणजे आमच्या खेड्यात सव्वादोन किलोचे मूल पुऱ्या दिवसांचे पण बारीक असू शकते, किंवा पुरेसे बाळसेदार पण महिनाभर आधी आलेले असू शकते. तराजू दोघांना एकच आकडा देतो. पहिल्याला ओढून पिण्याचे बळ असते, दुसऱ्याला नसते.

कर्जत व खालापूर हे रायगड जिल्ह्याचे आतले तालुके. समुद्र त्यांना दिसत नाही. दिसतो तो सह्याद्रीचा कडा. १८८२ च्या गॅझेटिअरात हा मुलूख ठाणे जिल्ह्यात घातलेला आहे. पुढे तो कुलाब्यात आला आणि १९८१ साली कुलाब्याचे रायगड झाले. जिल्ह्याचे ठाणे अलिबागेस, समुद्रकाठी. हे तालुके मात्र मुंबईच्या आगगाडीकडे तोंड करून बसलेले. १८५६ साली आगगाडी खोपोलीपर्यंत आली, १८६३ साली बोरघाट चढून गेली. १९१५ साली खोपोलीस टाटांचे जलविद्युतगृह सुरू झाले आणि १९२२ साली कर्जत तालुक्यात भिवपुरीस दुसरे. घाटमाथ्यावरच्या तलावांचे पाणी नळांतून खाली उतरे, त्यावर निघालेली वीज तारांवरून मुंबईच्या गिरण्यांना जाई. तारा ज्या वाड्यांच्या डोक्यावरून जात त्या वाड्यांत त्यानंतर कित्येक दशके रॉकेलची चिमणीच जळत होती. आम्ही हे उणेदुणे काढण्यासाठी लिहीत नाही. पण अपुऱ्या दिवसांच्या मुलांसाठी जी यंत्रे जगाने त्याच काळात घडविली ती सारी विजेवर चालणारी होती, आणि वीज जन्मली त्याच खोऱ्यात मूल शेगडीवर वाढत होते, हे विसरता येत नाही.

ह्या खोऱ्यांत ठाकूर, कातकरी व महादेव कोळी लोकांची वस्ती मोठी आहे. ठाकुरांवर ल. ना. चापेकरांचा ग्रंथ १९६० साली प्रसिद्ध झाला तो अभ्यासूंस ठाऊक आहेच. कातकऱ्यांचे नावच खैराच्या कातावरून पडलेले. सरकारने जंगले राखून घेतल्यावर कात गेला, कोळसा राहिला, पुढे तोही गेला आणि वीटभट्टी आली. पावसाळा सरून दिवाळी झाली की कुटुंबेच्या कुटुंबे भट्टीवर जातात ती उन्हाळा संपता परततात. गरोदर बाईही जाते. तिचा हिशेब आवणीला, दसऱ्याला, होळीला बांधलेला. महिना सांगता येतो, आठवडा नाही. गावच्या आरोग्यसेविकेच्या वहीत तिचे नाव असते, ती नसते. जेथे ती असते तेथील वहीत नाव नसते. बाळंतपण भट्टीवरच झाले तर मूल पुऱ्या दिवसांचे होते की तीन आठवडे आधीचे, हे ठरविण्यास मागे काहीच उरत नाही.

जुनी सुईण अशा मुलासाठी काय करी? तिची निंदा करण्याची रीत आहे. आम्ही ती पाळणार नाही, पण तिला ऋषिपदही देणार नाही. बाळंतिणीच्या खोलीतली शेगडी, बंद कवाडे, मुलाला आईच्या कुशीतच ठेवणे, कापूस, आणि चांदीचे नसले तर पितळेचे बोंडले, ह्या साऱ्या गोष्टी अपुऱ्या दिवसांच्या मुलाच्या हिताच्याच होत्या. ज्याला ओढता येत नाही त्याला काढलेले दूध बोंडल्याने थेंबथेंब द्यावे ही युक्ती आज नवजात शिशूंच्या दालनांत चमचा-वाटीने किंवा दक्षिणेकडील पलाडैने पाळतात. बाटली तेथे वर्ज्य आहे. उलट, जन्मताच घातलेले न्हाणे, चीक अपवित्र म्हणून पिळून टाकणे, त्याऐवजी मध व गुटी चाटविणे आणि धुरीचा धूर ह्यांनी किती मुले नेली असतील ह्याची गणती नाही. ओल्या अंगाचे मूल काही मिनिटांतच गारठते. पुऱ्या दिवसांच्या मुलाच्या अंगी जी उष्णता देणारी चरबी असते ती ह्याच्या अंगी पुरती भरलेली नसते. आनंदीबाई जोशी ह्यांचा चौदाव्या वर्षी झालेला मुलगा दहा दिवसांत गेला. त्या दुःखातून त्या १८८३ साली अमेरिकेस गेल्या आणि १८८६ साली पदवी घेताना त्यांनी प्रबंध लिहिला तो हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावर. त्यांचा संसार काही काळ ह्याच जिल्ह्याच्या ठाण्यात, अलिबागेस होता. डॉक्टर होऊन परतलेली ही बाई वर्षभरही जगली नाही. नाही तर सुईणीच्या हातातले काय ठेवावे व काय टाकावे हे सांगण्यास तिच्याइतकी अधिकारी व्यक्ती त्या काळी दुसरी कोण होती?

त्याच वर्षांत पॅरिसमध्ये प्रसूतितज्ज्ञ स्तेफान तार्निए कोंबडीची अंडी उबविण्याची पेटी पाहून आला आणि तशीच पेटी मुलांसाठी करवून घेऊन १८८० च्या सुमारास त्याने ती आपल्या प्रसूतिगृहात बसविली. दोन किलोंहून हलक्या मुलांपैकी तेथे पूर्वी शेकडा ६६ मरत, ते प्रमाण ३८ वर आले. पुढे मार्टिन कूनी नावाच्या गृहस्थाने ह्या उबपेट्या जत्रांत मांडून तिकीट लावले. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंड येथे १९०३ पासून १९४३ पर्यंत लोक पैसे देऊन पेटीतली मुले पाहत होते. प्रकार ऐकून किळस येते. पण त्या पैशांवर मुलांचा खर्च भागे आणि रुग्णालये जी मुले नाकारीत ती तेथे जगत. ह्या साऱ्या इतिहासात डोळे लागले होते ते सर्वांत इवल्या मुलांकडे. त्यांच्यासाठी तमाशा होता, पेटी होती, पुढे यंत्रेही आली. अडीच किलोंच्या आसपासचे, तीन-चार आठवडे आधी आलेले मूल ह्या तमाशात बघण्यासारखे नव्हते.

त्याच्याकडे जगाचे लक्ष एकदाच, फार मोठ्याने वेधले गेले. ७ ऑगस्ट १९६३ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी ह्यांना मुलगा झाला; साडेपाच आठवडे आधी, वजन सुमारे २.१ किलो. आमच्या हिशेबाने आठव्या महिन्याचे मूल. श्वास घेताना त्याची फुप्फुसे प्रत्येक वेळी मिटत. ती उघडी ठेवणारा साबणासारखा स्राव अशा मुलांत अपुरा असतो, हे मेरी एलन एव्हरी व जेरे मीड ह्यांनी १९५९ सालीच दाखवून दिले होते. पण कारण कळले तरी उपाय नव्हता. दोन दिवसांत मूल गेले. त्यानंतर न्यूझीलंडात लिगिन्स व हॉवी ह्यांनी १९७२ साली आईला प्रसूतीपूर्वी द्यावयाचे औषध सिद्ध केले, नाकावाटे सतत हवेचा दाब देण्याची युक्ती निघाली, १९८० साली जपानात फुजिवारा ह्यांनी तो स्रावच बाहेरून घशात सोडून दाखविला. आज त्या मुलासारखे मूल योग्य जागी जन्मले तर बहुधा वाचते.

वैद्यकाची फसगत मात्र ह्यानंतरही चालूच राहिली. ह्या मुलांना इंग्रजीत 'जवळजवळ पुऱ्या दिवसांची' म्हणत आणि जवळजवळ ह्या शब्दाने सर्वांची समजूत निघे. २००५ साली अमेरिकेतील राष्ट्रीय बालआरोग्य संस्थेने मूळचे भारतीय असलेले डॉ. टोन्से राजू ह्यांच्या पुढाकाराने तज्ज्ञांची बैठक भरविली. तीत हे नाव टाकून देऊन 'उशिराची अपुऱ्या दिवसांची' असे नाव ठरले. नावाने काय होते असे कोणी म्हणेल. ह्या नावाने मूल पुऱ्यांच्या रांगेतून निघून अपुऱ्यांच्या रांगेत गेले, एवढे झाले. त्या देशातील २००२ सालचे आकडे असे की, पुऱ्या दिवसांच्या दर हजारी २.४ मुले वर्षाच्या आत दगावली, तर ह्या वर्गातील ७.९. तिपटीहून अधिक; आणि तेही जेथे साऱ्या सोयी हाताशी होत्या तेथे. ३४ व्या आठवड्यास मेंदूचे वजन पुऱ्या दिवसांच्या मेंदूच्या शेकडा ६५ इतकेच असते, हेही त्याच सुमारास पुढे आले. ज्या अवयवाची तिसऱ्या हिश्श्याहून अधिक घडण व्हावयाची आहे त्याच्याकडून ओढणे, गिळणे आणि श्वास घेणे ह्या तिन्ही गोष्टींचा मेळ आपण पहिल्या दिवसापासून मागतो. बहुतेक मुले हा मेळ शिकतात व पुढे चांगली वाढतात. शाळेत थोडी अधिक अडखळणारी त्यांत पुऱ्या दिवसांच्या मुलांपेक्षा काही अधिक निघतात, एवढेच. भय आहे ते पहिल्या पंधरवड्याचे.

ह्या पंधरवड्याची एक हकीकत आमच्या आप्तांतील आहे. खालापूर तालुक्यातील एका गावी सून बाळंत झाली. छत्तिसावा आठवडा सुरू होता, मूल सव्वादोन किलोंहून थोडे अधिक. तिसऱ्या दिवशी सर्व घरी आली. मूल रडत नव्हते, निजून राही. भेटीस येणारी प्रत्येक बाई म्हणे, किती शहाणे बाळ! आईला विसावा मिळतो म्हणून घर खूश होते. आम्हीही त्यात होतो आणि आम्हीही तेच म्हटले, हे नमूद केले पाहिजे. पाचव्या दिवशी संध्याकाळी पाचवीची पूजा मांडली, मूल आणून पाटाजवळ ठेवले, आणि गावातीलच एका वृद्ध परिचारिकेने सहज त्याचे पाऊल हाती घेतले. तळवा हळदीसारखा पिवळा होता. पूजा तशीच टाकून त्याला पनवेलीस नेले. निळ्या उजेडाखाली तीन दिवस राहून ते बरे झाले. ते शहाणे नव्हते; थकले होते. ओढताना दमून निजे, निजल्यामुळे उपाशी राही, उपाशी राहिल्यामुळे कावीळ चढे, आणि कावीळ चढली की आणखी निजे.

नवजात मुलाची कावीळ पुष्कळांना होते व आपोआप जाते. पण पुऱ्या दिवसांच्या मुलात ती तिसऱ्या ते पाचव्या दिवशी कळसास पोहोचते, तर ह्या मुलांत पाचव्या ते सातव्या दिवशी. अधिक चढते, आणि हद्दीबाहेर गेली तर मेंदूत उतरून ऐकणे व हातपाय कायमचे अधू करून जाते. उपाय किती साधा आहे पाहा. १९५६ च्या सुमारास इंग्लंडातील रॉचफर्ड येथील रुग्णालयात सिस्टर वॉर्ड नावाची परिचारिका मुलांना उन्हात अंगणात नेई; तिला दिसले की उन्हाचा कवडसा पडलेल्या कातडीचा पिवळेपणा जातो आणि झाकलेला भाग पिवळाच राहतो. तिच्या ह्या पाहण्यातून डॉ. क्रेमर व त्यांच्या सहकाऱ्यांनी दिव्यांचा उपचार काढला तो १९५८ साली प्रसिद्ध झाला. आज निळे दिवे सर्वत्र आहेत. प्रश्न मुलाला वेळेत त्यांच्याखाली पोहोचविण्याचा आहे.

आपल्या पूर्वजांनी पाचवी व सहावी रात्र जागविण्याची चाल का घातली हे आम्हांस निश्चित सांगता येणार नाही. पाटा-वरवंटा पुजून, कोरा कागद व लेखणी ठेवून, सटवाई येईल आणि कपाळी लिहून जाईल म्हणून बायका रात्रभर बसतात. बालकाच्या आयुष्याचा निर्णय ह्याच रात्री होतो हे त्यांनी अनेक पिढ्यांच्या अनुभवाने जाणले असावे. काय पाहावे हे मात्र ठाऊक नव्हते. पाहणे होते ते दाराकडे.

यंत्रांवाचून काय साधता येते ह्याचे उत्तर महाराष्ट्रातच मिळाले आहे. गडचिरोलीच्या 'सर्च' संस्थेत डॉ. अभय व राणी बंग ह्यांनी गावातीलच बाईला आरोग्यदूत म्हणून शिकविले. जन्मताच पुसून कोरडे करणे, उबदार कापडी पिशवी व टोपरे, वजन, पाजण्याची मदत, श्वासांची मोजणी, जंतुदोष ओळखून औषध. ३९ गावांत केलेल्या ह्या प्रयोगाचा वृत्तांत १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये आला. अपुऱ्या दिवसांच्या मुलांपैकी तेथे पूर्वी तिघांत एक दगावत असे. तो आकडा दहांत एकावर आला. कोलंबियातील बोगोटा येथे १९७८ साली पेट्या अपुऱ्या पडल्या म्हणून डॉ. रेय ह्यांनी मुले आईच्या उघड्या छातीला बांधली, परळच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉक्टरांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत हीच रीत आपल्या मुलांना मानवते असे दाखविले. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस ह्यांनी १९८९ साली आशियातील पहिली मातृदुग्धपेढी उघडली, म्हणजे जिचे दूध उतरले नाही तिच्या मुलाला दुसरीचे मिळावे. ह्या तिन्हींत शेगडी, कुस आणि बोंडले ह्यांपलीकडचे असे फारसे काही नाही. जे आहे ते नेमके मोजणे, हात धुणे आणि रोज पाहणे.

कर्जत-खालापुरात आता बाळंतपणे बहुतांशी दवाखान्यांत होतात. ज्या वाड्यांना मोटाररस्ता नाही तेथून बाईस झोळीत घालून पायवाटेने उतरवितात; इरशाळवाडीसारख्या वस्तीची वाट किती उभी होती हे १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळली तेव्हा साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. साधे बाळंतपण असले की आई सुमारे दोन दिवसांनी घरी परतते. त्यानंतर मुलाकडे पाहण्याचे काम गावच्या आशाताईचे. २०११ पासून सरकारने गडचिरोलीची रीत सर्व देशाला लावली, तिच्या नेमून दिलेल्या भेटी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या व बेचाळिसाव्या दिवशी असतात. पुऱ्या दिवसांच्या मुलास ही मापे ठीक बसतात. आठव्या महिन्याच्या मुलाची कावीळ चढते ती नेमकी तिसऱ्या व सातव्याच्या मधल्या दिवसांत. त्या दिवसांत त्याच्याजवळ असतात त्या आजी, आत्या, शेजारणी, आणि पाचवीला जमलेल्या बायका.

त्यांना सांगावयाचे ते फार नाही. छत्तीस आठवड्यांच्या आतबाहेरचे मूल पुरे दिसले तरी पुरे मानू नये. पहिल्या दिवशी न्हाऊ घालू नये. दर दोन तासांनी, निजले असले तरी उठवून, पाजावे; ओढत नसेल तर दूध काढून वाटी-चमच्याने द्यावे. पाळण्यापेक्षा आईच्या छातीशी ठेवावे. आणि रोज एकदा बोटाने त्याची कातडी दाबून पाहावी. चिमणीच्या किंवा पिवळ्या दिव्याच्या प्रकाशात पिवळेपणा दिसत नाही. पाचवीच्या रात्री म्हणूनच तो कोणास दिसत नसे. मूल सकाळी दाराशी, उजेडात आणावे, आणि तळहात-तळपाय पाहावेत.